मोठ्यांनाही बोबडं बोलू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या याच पानावर एका वाचकांचं पत्र होतं की पन्नाशी उलटल्यावर नवीन काही शिकायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, लहान मुलांचं डोकं ताजं असतं, त्यांना सगळं पटापट जमतं, आपण आता गुपचूप नातवंडांचं कौतुक करावं. पत्र खुसखुशीत होतं, मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चिडले. म्हणून हे लिहितेय. थोडं लांबेल, आधीच सांगून ठेवते.

माझी उभी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली, ठाण्यातच. रिटायर झाल्यावर मुलाकडे घोडबंदर रोडला राहायला आले आणि आता आमच्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये शनिवार-रविवार सकाळी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. फी वगैरे काही नाही, चहा ते आणतात. म्हणजे सहा वर्षांची पोरं कशी शिकतात ते मी जन्मभर बघितलंय आणि पन्नास-साठ वर्षांची माणसं कशी शिकतात ते आता बघतेय, तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलायचा मला थोडा तरी हक्क आहे असं मी समजते.

वर्गात कोण कोण आहे सांगते. बँकेतून रिटायर झालेले केरळचे एक काका, लखनऊकडची आयटीतली एक मुलगी जी लग्न होऊन नाशिकच्या घरात आली आणि आता सासूबाईंशी मनातलं बोलायचंय म्हणून येते, ठाण्यातच जन्मलेल्या दोन गुजराती बहिणी ज्या म्हणतात की मराठी बोलायची वेळच कधी आली नाही, एक तेलुगू जोडपं, आणि मोठ्या कंपनीत मोठ्या पदावर असलेले एक साहेब. बाकी येऊन जाऊन असतात. मराठीची सक्ती करावी की नको, यावर हल्ली रोज भांडणं चालू असतात, त्यात मला अजिबात पडायचं नाही. ही माणसं आपणहून येतात, रविवारची झोप मोडून येतात, मला तेवढं पुरे.

पहिलीतलं पोर पहिल्या दिवशी रडतं, चप्पल हरवतं, शेजारच्याचा डबा खातं, पण बोलायच्या आधी माफी मागताना मी एकही पोर बघितलेलं नाही. माझ्या मोठ्यांच्या वर्गात प्रत्येक वाक्य माफीने सुरू होतं. 'मॅडम, माझा मराठी एकदम खराब आहे, हां.' 'मॅडम, हसू नका.' अजून काही बोललेलेच नसतात आणि माफी मागून मोकळे. नवरा-बायको शेजारी बसले तर दोघंही गप्प, कारण एक चुकला की दुसरा हळूच हसणार, म्हणून तेलुगू जोडप्याला मी आता वर्गाच्या दोन टोकांना बसवते, तेव्हापासून दोघांचंही तोंड सुटलंय.

सगळ्यात अवघड आहेत ते साहेब. हुशार माणूस, वहीत विभक्तीचे तक्ते काढलेत, वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी, मलाही शाळेत कधी इतके सुबक जमले नाहीत. पण तोंड उघडत नाहीत. विचारलं तर इंग्रजीत म्हणाले की आधी नीट तयारी करतो आणि मग एकदम बोलतो. अहो, पूर्ण तयारी झाल्यावरच बोलायचं असं ठरवलं असतं तर जगात एकही बाळ बोलायला लागलं नसतं. पण त्यांचंही बरोबर आहे एका अर्थी, वीस-पंचवीस वर्षं त्यांना बरोबर असण्याचाच पगार मिळालाय, मीटिंगमध्ये 'मला माहीत नाही' म्हणायची सवय गेलेली असते, आणि इथे समोर बसलेल्या सोसायटीतल्या लोकांसमोर 'माझा पुस्तक' म्हणायचं म्हणजे केवढं संकट. हिंदीत नपुंसकलिंग नाही, मराठीत आहे, त्यामुळे तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल हे हिंदीवाल्यांना सुरुवातीला डोंगराएवढं वाटतं आणि त्यात नियम काय विचारलं तर माझ्याकडेही धड उत्तर नसतं. पोरं मात्र नियम न विचारता शिकतात. महिनोन् महिने 'बस आला' म्हणतात, आई 'बस आली का, चला' म्हणते, आणि एक दिवस 'आली' येतं.

आता पटापट शिकतात या मुद्द्याकडे येते, कारण तो मला मुळातच मान्य नाही. बाळ साधारण वर्षाचं होतं तेव्हा पहिला शब्द येतो, म्हणजे त्याआधी अख्खं वर्ष ते नुसतं ऐकत असतं. जागं असेल तेवढा वेळ दुसरं काम नाही, ऐकायचं आणि आवाज काढायचे, चोवीस तास सेवेला आई, आजी, शेजारी, सगळे तेच तेच शब्द हळू हळू, लाडीगोडीने, तोंडासमोर तोंड नेऊन म्हणतायत. तिसऱ्या वर्षी वाक्यं नीट व्हायला लागतात आणि पाचव्या वर्षीही चुका चालूच असतात. आमचे साहेब आठवड्याला दोन तास देतात, त्यातही फोन येतो, आणि तीन महिन्यांनी म्हणतात वय झालं मॅडम आता काही डोक्यात शिरत नाही. बाळाइतका वेळ आणि बाळाइतकी माणसं दिमतीला दिली तर कोण पटापट शिकेल ते एकदा बघायला पाहिजे.

आणि हे बघून झालेलं आहे. माझी सून कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते, मी चिडले की ती मला काहीतरी वाचायला आणून देते. 1978 साली हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसांचा अभ्यास छापून आला होता, लहान पोरं, बारा ते पंधरा वर्षांची मुलं, आणि मोठी माणसं, सगळे नव्याने डच शिकत होते. पहिल्या काही महिन्यांत मोठी मुलं आणि मोठी माणसं पुढे होती, आणि तीन ते पाच वर्षांची पोरं सगळ्यात मागे! वर्षभराने मोठ्यांची आघाडी ओसरली हेही खरं, पण सुरुवातीला डोकं चालत नाही म्हणून रडणाऱ्यांनी हे भिंतीवर लावून ठेवावं. मोठ्या माणसाला एकदा सांगितलं की 'ला' कुठे लावायचा, तो दहा ठिकाणी लावून बघू शकतो.

वयानुसार काहीच बदलत नाही असं मी म्हणत नाही. एक प्रयोग तर आपल्या वर्णमालेशी निगडित आहे म्हणून सांगते. 1984 साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी, वर्कर आणि टीस त्यांची नावं, इंग्रजी घरातल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. इंग्रजीत हा फरक नाही, इंग्रज लोकांना 'तवा' आणि 'टवा' सारखंच ऐकू येतं. पण सहा-आठ महिन्यांची बाळं, ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कोणी हिंदी ऐकलं नसेल, ती फरक ओळखत होती, आवाज बदलला की मान वळवून बघत होती. आणि तीच परीक्षा दहा-बारा महिन्यांच्या बाळांची घेतली तर बहुतेकांना तो फरक कळेना. म्हणजे वर्षाच्या आतच कान ठरवून टाकतो की आपल्या घरात काय लागतं आणि काय लागत नाही, नको ते ऐकणं सोडून देतो. मला वाचून जरा वाईटच वाटलं.

तेव्हा उच्चारांचं मान्य आहे. लखनऊच्या मुलीला ळ येत नाही, 'शाला' म्हणते. केरळच्या काकांना ळ फर्स्टक्लास येतो कारण मल्याळममध्ये तो आहेच, आमच्या काही शहरी मराठी पोरांपेक्षा चांगला येतो. पण दोन्हींना च-ज चा घोळ होतो, चार मधला च वेगळा आणि चारा मधला वेगळा, पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग, लिहायला एक आणि बोलायला दोन, यावर एक अख्खी सकाळ गेली. तो उच्चार शंभर टक्के कधीच येणार नाही कदाचित. नाही आला तर नाही आला. पुण्याच्या पेठेत जाऊन बातम्या वाचायच्यात का त्यांना? व्याकरणाचं तर आणखी उशिरापर्यंत चालतं, 2018 साली पावणेसात लाखाच्या आसपास लोकांच्या इंग्रजीची ऑनलाइन चाचणी घेऊन काढलेला एक निष्कर्ष होता की नवीन भाषेचं व्याकरण पकडायची ताकद साधारण सतराव्या वर्षापर्यंत जवळजवळ तशीच राहते, नंतर उतरते. उतरते म्हणजे कमी होते. संपते असं त्यात कुठे नाही.

मग लहान मुलांकडून घ्यायचं काय? सुनेने दिलेला आणखी एक प्रयोग मला फार आवडला, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातला, 2014 चा. एक खेळण्याचा डबा, त्यावर ठरावीक ठोकळे ठेवले की तो पेटतो आणि गाणं वाजतं. कुठले ठोकळे डबा पेटवतात ते ओळखायचं. गंमत अशी होती की काही वेळा एकेकटा ठोकळा ठेवून काहीच व्हायचं नाही, दोन विशिष्ट ठोकळे एकत्र ठेवले की डबा पेटायचा. चार-पाच वर्षांच्या पोरांनी हे पकडलं. विद्यापीठातले विद्यार्थी मात्र अडकले, कारण त्यांनी आधीच धरून ठेवलेलं होतं की एक ठोकळा म्हणजे एक काम, बटण दाबलं की दिवा लागतो, जग असंच चालतं. समोर उलटं दिसत असतानाही त्यांच्या डोक्यातलं जुनं उत्तर मध्ये येत होतं. पोरांकडे जुनं उत्तर नव्हतंच, त्यामुळे समोर जे घडतंय तेच त्यांनी बघितलं.

हे माझ्या वर्गात दर रविवारी घडतं हो. हिंदी येणारी माणसं मराठी ऐकतच नाहीत, ती मराठीत हिंदी शोधतात. 'मला भूक लागली' ऐकलं की 'हां हां, मुझे भूख लगी, सेम आहे' म्हणून खूश, आणि मग 'मला पोहता येतं' आलं की गाडी घसरते, कारण डोक्यात 'मैं तैर सकता हूँ' मधला 'मैं' असतो आणि इथे 'मला'. 'मी पोहता येतो' असं म्हणतात आणि वर माझ्याशी वाद घालतात की लॉजिकली हेच बरोबर आहे. पहिलीतलं पोर लॉजिकली वाद घालत नाही. आणि एक, पोराला तीच गोष्ट रोज चालते, चिमणीचं घर मेणाचं आणि कावळ्याचं शेणाचं हे शंभराव्यांदा सांगितलं तरी डोळे तेवढेच मोठे, मी मध्ये एक वाक्य गाळलं तर ओरडून सांगतात बाई विसरल्या. मोठ्यांना दुसऱ्यांदा तोच धडा काढला की 'ये तो हो गया ना मॅडम'. झालं म्हणजे काय झालं, ऐकून झालं. तोंडात कुठे बसलंय.

बरं, चुकांबद्दल सांगायचं राहिलं. आपली पोरं 'केलं' च्या ऐवजी 'करलं' म्हणतात, प्रत्येक घरात म्हणतात, 'मी करलं', आपण हसतो. पण 'करलं' त्याला कोणी शिकवलं? घरात कोणीच तसं बोलत नाही. बसलं, उठलं, पडलं ऐकून त्याने स्वतः नियम काढला आणि कर ला लावला, म्हणजे चूक ही त्याच्या हुशारीची पावती आहे. इंग्रजी मुलं असंच 'वेंट' (went) ऐवजी 'गोएड' (goed) म्हणतात. आमची लखनऊची मुलगी परवा 'मी काम करलं' म्हणाली आणि मला इतका आनंद झाला की मी वर्गात टाळी वाजवली, तिला वाटलं मी चेष्टा करतेय. तिला समजावून सांगायला बराच वेळ गेला की बाई गं, तू आता मराठीत विचार करायला लागलीस, हिंदीतून भाषांतर केलं असतंस तर ही चूक तुला जमलीच नसती.

आता खरं दुखणं सांगते. पोर मोकळेपणाने शिकतं हा फक्त पोराचा गुण नाही, त्याच्या भोवतीचे लोक त्याला तसं शिकू देतात. गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या स्टेजवर तीन वर्षांची एक चिमुरडी आली, अर्ध्या कवितेत सगळं विसरली, फ्रॉक तोंडात घातला, आईला हात केला आणि पळाली, केवढ्या टाळ्या! त्याच संध्याकाळी माझ्या वर्गातल्या एका बाईंनी धाडस करून माइक घेतला आणि मराठीत अनाउन्समेंट केली, 'आरती झाला, सगळ्यांनी प्रसाद घेऊन जावा', एवढंच. रात्री त्याचा व्हिडिओ ग्रुपवर. हसून डोळ्यात पाणी आलेल्या इमोजींची रांग. टाकणारी आपली मराठीच पोरं होती, वाईट नाहीत, गणपतीत राबतात, पण त्या बाई परत वर्गाला आल्या नाहीत. मी घरी गेले बोलवायला. त्या म्हणाल्या, मॅडम, हिंदीत बोलले असते तर कोणी हसलं नसतं. मला याच्यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

दुसरा प्रकार न हसणाऱ्यांचा, आणि तो जास्त सरसकट आहे. केरळचे काका गावदेवी मार्केटला जातात, घरून वाक्य घोकून, 'कोथिंबीर कशी दिली', आणि भाजीवाल्या मावशी उच्चार ऐकून लगेच 'दस रुपया, ताजा है'. रिक्षात बसून 'कापूरबावडीला सोडा' म्हटलं की रिक्षावाले दादा आरशात चेहरा बघून हिंदी सुरू. लिफ्टमध्ये जोशी-कुलकर्णी-पाटील सगळे तसेच. वाईट हेतू नसतो, समोरच्याला सोपं जावं म्हणूनच आपण करतो, मी स्वतः कितीदा तरी करत आले असेन. पण विचार करा, दोन वर्षांचं बाळ 'मम्मं दे' म्हणालं तर आपण काय त्याच्याशी हिंदीत बोलायला लागतो का, याला मराठी जमत नाहीये म्हणून? आपण मराठीतच हळू बोलतो, परत बोलतो, हातवारे करतो. मोठ्या माणसाला ही सवलत पाच सेकंदसुद्धा मिळत नाही. आणि मग आपणच म्हणायला मोकळे की इतकी वर्षं इथे राहून मराठी येत नाही यांना.

म्हणून मी सगळ्यांना एक वाक्य पाठ करायला लावलंय, बाकी काही नाही आलं तरी चालेल, 'मी मराठी शिकतोय, हळू बोला, पण मराठीतच बोला.' काकांनी ते मार्केटमध्ये वापरलं. मावशी आधी चपापल्या आणि मग सुटल्याच, मेथी, शेपू, अळू, सगळ्या जुड्या उचलून उचलून नावं सांगितली, वर म्हणे उद्या विचारणार मी तुम्हाला. आता ते मुद्दाम त्यांच्याचकडे जातात, भाजी बाकीच्यांपेक्षा महाग असते तरी. मामलेदारची मिसळ खायला सगळा वर्ग घेऊन गेले होते तेव्हाही प्रत्येकाने आपापली ऑर्डर मराठीत द्यायची असं ठरलं, साहेब 'मध्यम' म्हणायच्या ऐवजी भलतंच काहीतरी म्हणाले, तिखट जाळ आली, घामाघूम होऊन सगळी संपवली, आणि त्यानंतर माणूस जरा बोलायला लागलाय. याचं श्रेय मी घेणार नाही, रश्श्याला देते.

आमच्या वयाच्या लोकांच्या फोनचंही तेच. वडिलांनी पैसे पाठवायचं अ‍ॅप उघडलं, दोन मिनिटं बोट हवेत, की मुलगा 'आणा इकडे, मी करून देतो'. हाच मुलगा स्वतःच्या पोराला बुटाची नाडी बांधायला दहा मिनिटं देतो, शाळेची बस चुकली तरी चालेल, त्याला स्वतःचं स्वतः जमलं पाहिजे. पैशाचं काम आहे, चूक झाली तर नुकसान होतं, फसवणारे टपलेले आहेत, सगळं खरं, पण मग शेजारी बसा, बघत रहा, हात लावू नका. दहा रुपये आधी तुम्हालाच पाठवायला लावा.

रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत न्यायमूर्तींबद्दल एक गोष्ट लिहून ठेवलीय. कामानिमित्त कलकत्त्याला मुक्काम होता, तिथे न्यायमूर्ती बंगाली शिकायला लागले, आणि दाढी करायला न्हावी आला की पुस्तक घेऊन त्यालाच अडलेले शब्द विचारायचे. रमाबाईंना हसू आलं, एवढा मोठा माणूस आणि गुरू कोण तर न्हावी. न्यायमूर्तींनी दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला दिला. आता ती चोवीसांची यादी आपल्याला कीर्तनातून ऐकून माहीत असते, पृथ्वी, वारा, अजगर, कोळी, पण त्यात एक लहान मूलही आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत सांगतो की मला मान नाही, अपमान नाही, घरादाराची चिंता नाही, मी मुलासारखा आपल्याच नादात खेळतो. बाकी सगळं सोडा, मान-अपमान नाही एवढं एकच मला माझ्या वर्गासाठी पाहिजे. तुकोबांचा लहानपणाचा अभंग सगळ्यांना पाठ आहे म्हणून इथे परत लिहीत नाही.

आणि लांब कशाला जायचं, आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे म्हणून गाव आहे, तिथे 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका, काही तर नव्वदीला टेकलेल्या, जन्मात पाटी हातात धरलेली नाही, गुलाबी लुगड्याचा युनिफॉर्म, पाठीला दप्तर. जगभरच्या टीव्हीवाल्यांनी येऊन शूटिंग केलं आणि बहुतेकांनी 'किती गोड' म्हणून सोडून दिलं. मला त्यात मास्तरकी दिसते. एक तर सगळ्या एकदमच बिगरीतल्या, कोणाला कोणाची लाज नाही. दुसरं म्हणजे घरची कामं आवरल्यावरची दुपारची वेळ. शिकवणारी गावातलीच सून, त्यामुळे चूक झाली तर रागवायची तिचीच पंचाईत. आणि तो युनिफॉर्म, तो फोटोसाठी नाही हो, तो घातला की बाई घरातली म्हातारी राहत नाही, त्या दोन तासांपुरती विद्यार्थिनी होते, तिला चुकायची परवानगी कपड्यातच शिवून मिळते. केंद्र सरकारचा उल्लास नावाचा साक्षरतेचा कार्यक्रम चालू आहे, पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी, 2022 ते 2027, त्यातही स्वयंसेवकच शिकवतात. तिथे जाणाऱ्यांनी फांगण्याला एकदा चक्कर मारून यावी.

शहरात आपल्याकडे मोठ्यांसाठी क्लास नाहीत असं नाही, योगा आहे, गाणं आहे, झुंबा आहे. पण नवशिक्यांची बॅच म्हणून जावं तर तिथे निम्म्या जणी पाच वर्षं येणाऱ्या असतात आणि तिसऱ्या महिन्यात स्टेजवर परफॉर्मन्स असतो, फोटो, सर्टिफिकेट. मी महापालिकेच्या तरणतलावावर गेले होते शिकायला, सर म्हणाले आजी आधी तोंड पाण्यात घालून फुगे काढा. शेजारी पाच-सहा वर्षांची पोरं फुगे काढत होती आणि खिदळत होती, माझ्या वयाच्या दोन बायका मात्र काठावर बसून कोण बघतंय ते बघत होत्या. मी काढले फुगे. छान वाटतं.

तर माझ्या मागण्या, पत्र आहे तर मागण्या पाहिजेतच. वाचकांकडे एवढंच मागणं की समोरचा मोडकंतोडकं मराठी बोलायला लागला की दोन मिनिटं मराठीतच थांबा, दुरुस्त करायचं असेल तर आई करते तसं, तो 'आरती झाला' म्हणाला तर 'हो, आरती झाली' म्हणा आणि पुढे चला, चुकीचं बोललात असं सांगू नका. आमच्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, राज्यातल्या जुन्या ग्रंथालयांपैकी, अशा सगळ्या ठिकाणी मोठ्या वयाच्या नवशिक्या वाचकांसाठी एक कपाट असावं, मोठा टाइप, सोपी वाक्यं, पण विषय मोठ्यांचे. सध्या माझे काका नातीची ससा-कासवाची पुस्तकं वाचतात, त्यांना मोहरम-गणपतीच्या सुट्ट्या, पाणीकपात, घोडबंदरचं मेट्रोचं काम हे वाचायचंय.

आणि तुमच्याकडे, संपादक महोदय, मागणं असं की आठवड्यातून एकदा कोपऱ्यात एक बातमी सोप्या मराठीत द्या, शंभर-दीडशे शब्द फक्त, 'अनुषंगाने', 'निर्देशित करण्यात आले' असलं काही नको, जसं आपण घरी सांगतो तसं, ठाण्यातली काहीही चालेल, टीएमटी बसची, तलावपाळीची, भाजीच्या भावाची. ती लिहायला माणूस नसेल तर मी फुकट लिहून देईन आणि माझा वर्ग आधी तपासून देईल, त्यांना न कळलेला शब्द त्यात राहणार नाही. अभिजात दर्जा 3 ऑक्टोबर 2024 ला मिळाला तेव्हा तुम्ही पहिलं पान दिलं होतं, हा तर कोपरा आहे.

पत्र मोठं झालंय, कापावं लागेल हे मला कळतं. रानड्यांचा भाग काढलात तरी चालेल, तो पुष्कळांना माहीत असतो. त आणि ट चा प्रयोग आणि मार्केट-रिक्षावाला परिच्छेद मात्र तसाच ठेवा, येत्या रविवारी वर्गात हे मोठ्याने वाचायचंय आणि तो परिच्छेद साहेबांच्या वाट्याला दिलाय, त्यांनी तयारी सुरू केलीसुद्धा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
घोडबंदर रोड, ठाणे (प.)